हळद, टाकणखार आणि स्टायरीनवरचा बोरॉन

रावेर तालुक्यातल्या आमच्या घरी आजीच्या उमेदीच्या काळात कुंकू घरीच तयार केले जात असे. हळकुंडाचे तुकडे लिंबाच्या रसात टाकणखार आणि तुरटी घालून भिजत ठेवायचे, रस पूर्ण मुरला की सावलीत वाळवायचे आणि मग कुटून वस्त्रगाळ करायचे, अशी ती रीत होती. मी ती स्वतः पाहिलेली नाही, आईकडून ऐकली आहे. परंतु पिवळ्या हळकुंडाचे लाल कुंकू का होते, याचे रासायनिक उत्तर मला पुष्कळ वर्षांनी, बोरॉनयुक्त स्टायरीन (स्टायरीन म्हणजे थर्माकोलच्या प्लास्टिकचा मूळ द्रव) तयार करीत असताना, प्रयोगशाळेतल्या एका छोट्या पट्टीवर मिळाले. त्या विषयावर सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

हळद चुन्यात कालवली तरी लाल होते, हे सर्वांना ठाऊक आहे. तो लालपणा अल्कलीमुळे येतो आणि त्यावर लिंबू पिळले की हळद पुन्हा पिवळी पडते. टाकणखार, म्हणजे बोरॉनचा एक क्षार, आणि आम्ल यांच्या संगतीत येणारा लाल रंग वेगळ्या जातीचा आहे. तो आम्लात टिकून राहतो, आणि अल्कली टाकली तर निळसर, काळपट हिरव्याकडे झुकतो. हळदीतल्या कुरकुमीनच्या रेणूत एकमेकांच्या जवळ असलेले दोन ऑक्सिजन अणू बोरॉनला दोन्ही बाजूंनी धरतात, एका बोरॉनभोवती कुरकुमीनचे दोन रेणू बसतात आणि रोझोसायनीन नावाचे गडद लाल संयुग तयार होते. बोरॉन ओळखण्याची हळदीच्या कागदाची जुनी कसोटी याच अभिक्रियेवर आधारलेली आहे. बोरॉनिक आम्लांचे, म्हणजे कार्बनला बोरॉन जोडलेल्या आम्लांचे, संश्लेषण करताना मीही तेच करते. सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर मिश्रण चढवून घ्यायचे, त्यावर कुरकुमीनचे आम्लयुक्त अल्कोहोली द्रावण लावायचे आणि पट्टी किंचित तापवायची; जिथे बोरॉन असेल तिथे नारिंगी-लाल ठिपका उमटतो. असा पहिला ठिपका उमटला त्या दिवशी मी घरी फोन करून आईला आजीच्या कुंकवातला टाकणखार कशासाठी होता ते सांगितले होते.

बोरॉनच्या बाहेरच्या कवचात तीनच इलेक्ट्रॉन असतात. तीन बंध पूर्ण झाल्यावरही त्याचे एक कक्षक रिकामे राहते, आणि इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी बाळगणारा ऑक्सिजनसारखा अणू जवळ आला की बोरॉन ती जोडी स्वीकारून सपाट त्रिकोणी आकारातून चौफलकी आकारात जातो. परिस्थिती बदलली की तो ती जोडी सोडूनही देतो. घेण्याची आणि सोडण्याची ही तयारी पॉलिस्टायरीनमध्ये मुळीच नसते. थर्माकोल ज्यापासून बनते ते पॉलिस्टायरीन म्हणजे कार्बनची लांब साखळी आणि तिच्यावर एकाआड एक लटकलेली बेंझीनची वलये. पाणी, साखर, विरळ आम्ल यांच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. त्या वलयांवर एकेक बोरॉनिक आम्लाचा गट बसवला की तीच निर्विकार साखळी साखर ओळखू लागते, पाण्याच्या सामूप्रमाणे फुगते किंवा आक्रसते, आणि स्वतःचे तुटलेले बंध पुन्हा जुळवू शकते. या क्षेत्रात मी रमले ती या बदलामुळे.

बोरिक आम्लात, म्हणजे कॅरमच्या पटावर आपण जी पांढरी पावडर भुरभुरतो तिच्यात, बोरॉनला तीन ऑक्सिजन अणू जोडलेले असतात. त्यांपैकी एकाची जागा कार्बनने घेतली की बोरॉनिक आम्ल होते. अशा प्रकारचे पहिले संयुग एडवर्ड फ्रँकलंड यांनी १८६० साली तयार केले, आणि बेंझीन वलयावर बोरॉन असलेले फिनाइलबोरॉनिक आम्ल १८८० साली मायकेलिस आणि बेकर यांनी. १९०९ साली खोटिन्स्की आणि मेलामेड यांनी ग्रिन्यार्ड अभिकर्मक (मॅग्नेशियम जोडलेले कार्बनी संयुग) आणि बोरेट एस्टर (बोरिक आम्ल आणि अल्कोहोल यांचे संयुग) यांची सांगड घातली, आणि तो मार्ग आजही सर्वांत जास्त वापरला जातो. वलयाच्या एका टोकाला बोरॉनिक आम्ल आणि समोरच्या टोकाला बहुवारिकीकरण, म्हणजे लहान रेणूंची (एकवारिकांची) लांब साखळी, होऊ शकेल असा दुहेरी बंधाचा व्हिनाइल गट, असे पॅरा-व्हिनाइलफिनाइलबोरॉनिक आम्ल १९५९ आणि १९६० या दोन वर्षांत अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी प्रसिद्ध केले. पॉलिस्टायरीनवरच्या बोरॉनची गोष्ट तिथून सुरू होते.

इथे एक फरक स्पष्ट केला पाहिजे, कारण विद्यार्थी त्यात नेहमी गोंधळतात. बोरॉन बेंझीनच्या वलयावर असू शकतो किंवा थेट व्हिनाइल गटाच्या टोकावर असू शकतो. दुसऱ्या प्रकाराला स्टायरिलबोरॉनिक आम्ल म्हणतात. फिनाइलॲसिटिलीनवर कॅटेकोलबोरेनची हायड्रोबोरेशन (बोरॉन आणि हायड्रोजन जोडणारी) अभिक्रिया करून आणि मग जलापघटन करून ते सहज मिळते, परंतु त्याच्या दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांवर मोठे गट बसलेले असल्यामुळे ते एकटे बहुवारिकात गुंफले जात नाही. त्याचा उपयोग लहान रेणू जोडण्यासाठी होतो. सुझुकी यांच्या पॅलेडियम-उत्प्रेरित जोडणीत ते लागते, तसेच पेटासिस यांनी १९९३ साली मांडलेल्या अमाइन, फॉर्माल्डिहाइड आणि बोरॉनिक आम्ल यांच्या तिहेरी अभिक्रियेतही लागते. गजकर्णावर वापरले जाणारे नॅफ्टिफीन हे औषध त्याच पद्धतीने एका पायरीत तयार करून दाखवले गेले होते. माझे काम पहिल्या प्रकारचे, वलयावर बोरॉन असलेले आहे, म्हणून यापुढे त्याविषयीच लिहिते.

संश्लेषणाचा आरंभ पॅरा-ब्रोमोस्टायरीनपासून होतो. एक दशांश मोल, म्हणजे १८.३ ग्रॅम ब्रोमोस्टायरीन घेतले तर त्याला २.४ ग्रॅमहून थोडे अधिक मॅग्नेशियम आणि कोरडे टेट्राहायड्रोफ्युरॅन लागते. बाटलीतल्या ब्रोमोस्टायरीनमध्ये ते आपोआप घट्ट होऊ नये म्हणून टर्शरी-ब्युटाइलकॅटेकोल हा निरोधक घातलेला असतो. त्याच्यातले हायड्रॉक्सिल गट ग्रिन्यार्ड अभिकर्मकाला मारतात, त्यामुळे आधी विरळ अल्कलीने धुऊन किंवा ॲल्युमिनाच्या स्तंभातून गाळून तो काढून टाकावा लागतो. निरोधक काढला की मात्र त्या द्रवाचे रक्षण करायला कोणी उरत नाही आणि हातातले काम पटापट उरकावे लागते. मॅग्नेशियमशी अभिक्रिया सुरू झाल्यावर तापमान चढू दिले तर व्हिनाइल गट आपसांत जुळू लागतात आणि चंबूत चिकट राळ उरते. सुरुवात लवकर होत नाही म्हणून उष्णता वाढवण्याचा मोह होतो, पण इथे धीर धरलेला बरा. एक आयोडिनचा स्फटिक, थोडीशी ऊब, आणि द्रावणाचा रंग मावळेपर्यंत थांबणे, एवढेच करावे.

ग्रिन्यार्ड अभिकर्मक तयार झाल्यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे. ट्रायमिथाइल बोरेटमध्ये तीन मिथॉक्सी गट असतात. एका गटाची जागा वलयाने घ्यावी आणि तिथेच थांबावे अशी आपली इच्छा असते, पण अभिकर्मक जास्त झाला किंवा चंबू गरम झाला तर दुसरे आणि तिसरे वलयही बोरॉनला चिकटते. म्हणून बोरेट दुप्पट घ्यायचे, ते चंबूत थंड करून ठेवायचे आणि ग्रिन्यार्डचे द्रावण त्यात थेंबाथेंबाने सोडायचे, उलट क्रमाने कधीही नाही. उणे ७० अंशांच्या आसपास तापमान ठेवण्यासाठी पुस्तकात कोरडा बर्फ आणि ॲसिटोन सांगितलेला असतो. आमच्या भागात कोरडा बर्फ वेळेवर मिळणे कठीण, परंतु जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा ज्यात साठवतात तो द्रवरूप नायट्रोजन तालुक्याच्या गावीही पोहोचतो, आणि तो इथाइल ॲसिटेटमध्ये ओतून ढवळला की उणे ८४ अंशांचा घट्टसर थंड लगदा तयार होतो. मी बरीच वर्षे असेच काम केले आहे. शेवटी विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाने जलापघटन केले की बोरॉनवरचे दोन मिथॉक्सी गट हायड्रॉक्सिल होतात, मॅग्नेशियमचे क्षार पाण्यात जातात आणि इथरच्या थरातून पांढरे स्फटिक मिळतात. हिशेबाने १४.८ ग्रॅम मिळायला हवेत. माझ्या हाती त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक येत असे, आणि त्यात मला समाधान होते.

खान्देशच्या हवेचा या कामावर होणारा परिणाम मी अनुभवाने शिकले. मार्च ते मे या महिन्यांत जळगाव-भुसावळकडची हवा इतकी कोरडी असते की ग्रिन्यार्ड अभिक्रिया पावसाळ्याच्या मानाने सहज सुरू होते. पण त्याच दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि स्टायरीनच्या जातीच्या द्रवांना ते तापमान मानवत नाही, कारण स्टायरीन उष्णतेने स्वतःच साखळ्या गुंफू लागते. एका मे महिन्यात मी निरोधकरहित केलेले बोरॉनिक एस्टर शीतपेटीत ठेवून गावी गेले होते. त्या दोन दिवसांत वीज पुष्कळ वेळ नव्हती. परत आले तेव्हा बाटली उपडी केली तरी आतले द्रव हलत नव्हते. त्याची स्वच्छ, पारदर्शक काच झाली होती. सहा आठवड्यांचे काम त्यात होते. तेव्हापासून मी हे द्रव्य उन्हाळ्यात साठवूनच ठेवत नाही, लागेल तेवढे करते आणि त्याच आठवड्यात वापरते.

साठवणीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. स्टायरीनसाठी टर्शरी-ब्युटाइलकॅटेकोल हा उत्तम निरोधक असला तरी मुक्त बोरॉनिक आम्ल असलेल्या एकवारिकासाठी तो मला योग्य वाटत नाही. कॅटेकोलमध्ये शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि असे दोन गट दिसले की बोरॉन त्यांना धरतो. मग साखळी थोपवण्यासाठी लागणारे हायड्रॉक्सिल गटच अडकून पडतात. त्याऐवजी एकच हायड्रॉक्सिल असलेला बीएचटी हा निरोधक मी पसंत करते.

बोरॉनिक आम्लाचे तीन रेणू पाणी गमावून सहा अणूंच्या वलयात जुळतात. त्या वलयाला बोरॉक्झीन म्हणतात. सुट्या रेणूंमध्ये हे घडले तर वितळणबिंदू आणि वर्णपट यांत थोडा गोंधळ होण्यापलीकडे फारसे बिघडत नाही, परंतु बहुवारिकाच्या साखळ्यांमध्ये घडले तर तीन वेगवेगळ्या साखळ्या एका ठिकाणी बांधल्या जातात, आणि पूर्ण वाळवलेले बहुवारिक पुन्हा कोणत्याही द्रावकात विरघळेनासे होते. माझा पहिला नमुना निर्वात भट्टीत रात्रभर वाळवून मी असाच घालवला होता. थोडे पाणी ठेवले, किंवा डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये काही थेंब पाणी मिसळले, तर ही गाठ सुटते. मात्र सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे बहुवारिकीकरणाच्या आधीच बोरॉनचे दोन्ही हायड्रॉक्सिल पिनॅकोलने, म्हणजे शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेल्या एका अल्कोहोलने, झाकून टाकणे. पिनॅकोल एस्टर साध्या सेंद्रिय द्रावकांत विरघळते, सिलिकावरून शुद्ध करता येते आणि त्याचे बहुवारिक रेणुभार मोजण्याच्या स्तंभात अडकत नाही.

बहुवारिकीकरण स्वतः फार अवघड नाही. द्रावणातून नायट्रोजन सोडून ऑक्सिजन बाहेर काढायचा, एआयबीएन हा आरंभक, म्हणजे साखळी सुरू करणारा पदार्थ, अल्प प्रमाणात घालायचा आणि ६५ ते ७० अंशांवर ठेवायचे. ६५ अंशांवर एआयबीएनचा निम्मा भाग फुटायला साधारण १० तास लागतात, म्हणजे एक रात्र सहज जाते. साखळ्यांची लांबी सारखी हवी असेल तर राफ्ट पद्धतीचा नियंत्रक वापरावा लागतो. अमेरिकेतल्या सुमर्लिन यांच्या गटाने २००७ साली पिनॅकोल एस्टर झाकलेले बोरॉनयुक्त स्टायरीन राफ्टने गुंफून पाण्यात विरघळणारी, मोजक्या लांबीची बोरॉनिक आम्लाची बहुवारिके तयार केली. नंतर पिनॅकोल काढण्यासाठी त्यांनी जी युक्ती योजली ती मला फार आवडते. बोरॉनिक आम्ल बसवलेले पॉलिस्टायरीनचे न विरघळणारे मणी त्यांनी द्रावणात टाकले. विरघळलेल्या साखळीवरचे पिनॅकोल त्या मण्यांवर स्थलांतरित झाले आणि मणी गाळून काढले की साखळी मोकळी झाली. बोरॉनवरचे झाकण काढायला दुसरा बोरॉनच उपयोगी पडला.

यापेक्षा वेगळी वाटही आहे. फ्रीडर येक्ले यांच्या गटाने २००२ साली आधी ट्रायमिथाइलसिलिल गट असलेल्या स्टायरीनचे नियंत्रित बहुवारिकीकरण केले आणि मग बोरॉन ट्रायब्रोमाइड वापरून वलयावरच्या सिलिकॉनच्या जागी बोरॉन बसवला. या पद्धतीत बोरॉनवर दोन ब्रोमीन उरतात आणि त्यांच्या जागी हवे ते गट बसवता येतात. तीव्र लुईस आम्ल (इलेक्ट्रॉनांची जोडी स्वीकारणारे), फ्लोराइड आयन पकडणारे पदार्थ, प्रकाश देणारे पदार्थ असे सगळे एकाच साखळीपासून घडवता येते. ब्रोमाइड ओलाव्याने धुमसते, त्यामुळे हे काम अतिशय कोरड्या पेटीत करावे लागते, आणि माझ्याकडे तशी पेटी नसल्यामुळे मी त्या वाटेला गेले नाही.

तयार पदार्थ तपासताना बोरॉन-११च्या एनएमआरमध्ये, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात घेतलेल्या अणुकेंद्रांच्या वर्णपटात, सपाट बोरॉनिक एस्टरचे शिखर ३० पीपीएमच्या आसपास येते, तर साखर धरून चौफलकी झालेल्या बोरॉनचे ५ ते १० पीपीएमच्या दरम्यान. नमुन्याच्या काचेच्या नळीतही बोरॉन असतो, कारण ती बोरोसिलिकेट काच असते, आणि तिचा रुंद उंचवटा वर्णपटात उगवतो. ज्या विद्यार्थ्याने तो प्रथमच पाहिला त्याला तो आपल्याच पदार्थाचा वाटतो. बहुवारिकाची शिखरे स्वतःच रुंद असल्यामुळे हा गोंधळ अधिक होतो, म्हणून क्वार्ट्झची नळी मिळाली तर ती वापरावी.

आता उपयोगांकडे वळते. माझ्या मते या साऱ्या क्षेत्रातले सर्वांत सुंदर काम जर्मनीतल्या ग्युंटर वुल्फ यांचे आहे. १९७२ साली त्यांनी सरहान यांच्यासह आण्विक ठसे घेण्याची कल्पना मांडली, आणि पुढे मॅनोजच्या एका संयुगावर ती तपशिलाने राबवली. मॅनोज ही साखर आहे आणि तिच्या अंगावर हायड्रॉक्सिलच्या दोन जोड्या जवळजवळ असतात. त्या दोन जोड्यांवर व्हिनाइलफिनाइलबोरॉनिक आम्लाचे दोन रेणू बसवायचे, मग हा सांगाडा पुष्कळ आडबंध देणाऱ्या एकवारिकाबरोबर गुंफून कडक, सच्छिद्र ठोकळा करायचा, आणि शेवटी पाणी व मिथेनॉलने साखर धुऊन काढायची. बोरॉनचा बंध सोडता येतो म्हणून साखर निघून जाते, आणि मागे तिच्याच आकाराची पोकळी उरते, जिच्या भिंतीवर दोन बोरॉन नेमक्या अंतरावर आणि नेमक्या दिशेने उभे असतात. जळगावच्या सराफ बाजारात ओतकामाचा साचा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल: मेणाची आकृती मातीत गाडतात, तापवून मेण वाहू देतात आणि रिकाम्या जागेत सोने ओततात. वुल्फ यांच्या साच्यात उजव्या आणि डाव्या हातासारख्या दोन प्रतिमारूप साखरांचे मिश्रण सोडले तर ज्या रूपाचा ठसा घेतला होता ते रूप अधिक घट्ट धरले जाते. विकरे हे काम करतात हे आपण शिकतो. स्टायरीनच्या ठोकळ्याने ते करून दाखवावे, यातले कौशल्य मला आजही थोर वाटते.

साखर ओळखण्याचे दुसरे कारण आपल्या घरांत शिरलेले आहे. माझ्या आईला मधुमेह आहे, आणि तिच्या तीन महिन्यांच्या साखरेचा, म्हणजे एचबीए१सीचा अहवाल दर वेळी मी वाचते. ही चाचणी करण्याच्या पद्धतींपैकी एक बोरॉनेट आकर्षणाची आहे. स्तंभातल्या मण्यांवर फिनाइलबोरॉनिक आम्ल बसवलेले असते, साखर चिकटलेले हिमोग्लोबिन त्यावर अडकते आणि न चिकटलेले वाहून जाते. त्या मण्यांचा पाया सहसा ॲगॅरोजसारख्या पाणीप्रेमी पदार्थाचा असतो, स्टायरीनचा नव्हे, कारण प्रथिने पॉलिस्टायरीनवर विनाकारण चिकटतात. हा स्टायरीनचा खरा दोष आहे आणि तो मान्य केला पाहिजे. मात्र बोरॉनची पकड दोन्हीकडे एकच आहे.

रक्तातली साखर वाढली की आपोआप फुगून इन्शुलिन सोडेल असा जेल तयार करणे हे या क्षेत्राचे जुने स्वप्न. त्यामागचे तत्त्व असे आहे: सपाट, भाररहित बोरॉनिक आम्ल पाण्याला दूर ठेवते, साखरेशी जोडलेले, चौफलकी, ऋणभारित रूप पाण्याला जवळ करते, साखर वाढली की अधिकाधिक बोरॉन दुसऱ्या रूपात जातात, जेलमध्ये भार वाढतो, पाणी आत ओढले जाते आणि जाळे सैल होते. यात दोन अडचणी आहेत. पहिली अडचण सामूची. साध्या फिनाइलबोरॉनिक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूला निम्मे रेणू भारित होतात तो आकडा, ८.८च्या आसपास असतो आणि रक्ताचा सामू ७.४, म्हणजे ज्या ठिकाणी काम करायचे तिथे बोरॉन अर्धवट झोपलेला. त्यासाठी वलयावर इलेक्ट्रॉन ओढणारे गट बसवतात किंवा बोरॉनच्या शेजारी डायमिथाइलअमिनोमिथाइल हा नायट्रोजनयुक्त हात ठेवतात. दुसरी अडचण निवडीची. सामू ७.४ला फिनाइलबोरॉनिक आम्लाचा फ्रुक्टोजशी बंधस्थिरांक (पकडीच्या घट्टपणाचे माप) १६०च्या घरात आणि ग्लुकोजशी अवघा ४.६ मोजलेला आहे, म्हणजे आपल्याला हवी ती साखर सोडून बोरॉन दुसरीलाच जवळ करतो. रक्तात फ्रुक्टोज ग्लुकोजच्या मानाने फारच कमी असते म्हणून काम निभावते, आणि दोन बोरॉन योग्य अंतरावर ठेवले तर ग्लुकोजची निवड पुष्कळ सुधारते. त्वचेखाली बसवून साखर मोजणारे एव्हरसेन्स नावाचे उपकरण अमेरिकेत २०१८ साली मंजूर झाले; त्यात बोरॉनिक आम्ल असलेला चमकणारा जेलच आहे. इन्शुलिन सोडणारा जेल मात्र अजून दवाखान्यापर्यंत आलेला नाही, आणि माझ्या आईसारख्या माणसांच्या दृष्टीने तीच गोष्ट सर्वांत मोलाची ठरेल असे मला मनापासून वाटते.

आमच्या केळीच्या बागेतही हीच पकड आहे. अण्णा ठिबकमधून जे ‘बोरॉन २०’ सोडतात, ते डायसोडियम ऑक्टाबोरेट असते आणि त्यात वजनाने सुमारे २० टक्के बोरॉन असतो. वनस्पतींना बोरॉन अत्यावश्यक आहे हे कॅथरीन वॉरिंग्टन यांनी १९२३ साली दाखवले, परंतु तो नेमके काय करतो हे १९९६ साली उलगडले. पेशीभित्तिकेतल्या पेक्टिनचा एक भाग असलेल्या रॅम्नोगॅलॅक्टुरोनन-दोन या शर्करासाखळ्यांच्या जोड्या बोरॉन एकमेकींना बांधतो, आणि त्यासाठी तो ॲपिओज या साखरेच्या शेजारच्या दोन हायड्रॉक्सिलना धरतो. गहू, ज्वारी यांच्या भित्तिकेत पेक्टिन कमी असल्यामुळे त्यांना कपाशीच्या मानाने बोरॉन कमी लागतो. मात्रा थोडी चुकली तर पाने करपतात, म्हणून अण्णा मोजून-मापूनच देतात. गवारीच्या बियांच्या डिंकात टाकणखाराचे द्रावण टाकल्यावर जो लवचीक गोळा होतो, त्यातही मॅनोजच्या शेजारच्या हायड्रॉक्सिलांना बोरॉननेच बांधलेले असते. वर्गात मी हा प्रयोग स्टायरीनच्या आधी करून दाखवते. त्यात थोडे लिंबू पिळले की गोळा पातळ होतो आणि थोडा सोडा घातला की पुन्हा घट्ट होतो. बंध जुळणे आणि सुटणे मुलांना हाताला कळते.

न्यूट्रॉन शोधण्याचा उपयोग थोडक्यात सांगते. निसर्गातल्या बोरॉनपैकी सुमारे २० टक्के बोरॉन-१० असतो आणि तो मंद न्यूट्रॉन फार उत्सुकतेने गिळतो. न्यूट्रॉन पकडण्याची शक्यता दाखवणारा त्याचा छेद सुमारे ३,८४० बार्न (अणुकेंद्रांसाठीचे क्षेत्रफळाचे एकक) आहे. न्यूट्रॉन गिळला की तो लिथियम-७ आणि अल्फा कण यांत फुटतो. पॉलिस्टायरीन किंवा त्याचे भावंड पॉलिव्हिनाइलटोल्युइन यांच्यात बोरॉन आणि चमकणारी द्रव्ये मिसळली तर त्या अल्फा कणाच्या उर्जेचा प्रकाश होतो आणि न्यूट्रॉन मोजता येतात. बोरॉन नुसता विरघळवलेला असला तर कालांतराने तो पाझरून वर येण्याची भीती असते. साखळीलाच जोडलेला असला तर ती भीती राहत नाही.

आमच्या जिल्ह्याच्या दृष्टीने मला अधिक महत्त्वाची वाटणारी गोष्ट दुसरीच आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या चटया आणि पाइप यांचे कारखाने आहेत, आणि जुने प्लास्टिक दळून, वितळवून त्याचा दाणा पाडणारे लहान उद्योगही आहेत. ज्या प्लास्टिकच्या साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात ते प्लास्टिक मजबूत असते, पण वितळत नाही, आणि दाणा पाडणाऱ्याच्या काही उपयोगाचे नसते. लुडविक लाइबलर यांच्या फ्रान्समधल्या गटाने २०१७ साली यावर एक उत्तर दाखवले. त्यांनी पॉलिस्टायरीनच्या, तसेच पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट आणि पॉलिथिलीनच्या साखळ्यांवर डायऑक्झाबोरोलेन, म्हणजे बोरॉनिक एस्टरचे गट बसवले आणि त्यांच्याच आधारे साखळ्या बांधल्या. हे एस्टर गरम केले की आपले जोडीदार आपसांत बदलतात. बंधांची एकूण संख्या तीच राहते, पण कोण कोणाशी बांधलेला आहे ते सतत बदलते. त्यामुळे असा पदार्थ द्रावकात विरघळत नाही आणि तरीही साच्यात दाबून, यंत्रातून ढकलून पुन्हा आकार देता येतो.

त्यात पैशाचा प्रश्न आहेच. बोरॉन असलेले स्टायरीन साध्या स्टायरीनच्या कितीतरी पट महाग पडते, कारण ब्रोमोस्टायरीन, मॅग्नेशियम, कोरडे द्रावक आणि उणे ७० अंशांची थंडी या सर्वांची किंमत त्यात असते. पॅलेडियम आणि पिनॅकोलचा डायबोरॉन वापरणारी मियाउरा यांची १९९५ची पद्धत थंडीची गरज संपवते, पण तिथे पॅलेडियम महाग पडते आणि शिवाय व्हिनाइल गट ब्रोमाइडशी हेक अभिक्रियेने जुळण्याचा धोका असतो. पॅरा-फॉर्मिलफिनाइलबोरॉनिक आम्लावर विटिग अभिक्रिया करून व्हिनाइल गट शेवटी घडवणे, ही तिसरी वाट मला आमच्यासारख्या साध्या प्रयोगशाळेसाठी सर्वांत सोयीची वाटू लागली आहे. तिच्यात ग्रिन्यार्डचा कोरडेपणा लागत नाही आणि स्टायरीन हाती येते ते अगदी अखेरच्या पायरीवर, म्हणजे त्याला सांभाळण्याचा काळ कमी होतो. शिवाय लाइबलर यांच्या पद्धतीत साखळीतल्या थोड्याच कड्यांवर बोरॉन लागतो.

यंदा दिवाळीनंतर, तापमान उतरले की, पदव्युत्तर वर्गातल्या दोन विद्यार्थिनींबरोबर मी ही तिसरी वाट चालून पाहणार आहे. त्यातून मिळालेले एस्टर साध्या स्टायरीनमध्ये अल्प प्रमाणात गुंफायचे, पट्टी ओतायची, ती कापून दोन तुकडे एकावर एक ठेवून गरम दाबायचे आणि जोड किती ताण सोसतो ते मोजायचे, एवढाच बेत आहे. कुरकुमीनचे द्रावण यंदा विकतच्या भुकटीऐवजी अण्णांच्या शेताच्या बांधावरच्या हळदीपासून काढावे, असे त्या दोघींनी सुचवले आहे आणि मी होकार दिला आहे.